नवा प्लग घातला तरी गाडी परत मिसिंग करते, तेव्हा काय तपासायचं

मृग लागला की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातल्या मोटरसायकली एकाच तक्रारीनं गॅरेजच्या दारात येऊ लागतात. "मामा, परवाच प्लग घातला की वो, परत मिसिंग मारूलालीय." मिसिंग म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवून अडखळणं. प्लग बदलला की चार-आठ दिवस गाडी झकास चालते, म्हणून दोष प्लगचाच होता अशी सगळ्यांची समजूत होते. पण नवा प्लग स्वच्छ असतो, त्याचा गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांतलं अंतर) बरोबर असतो, त्यामुळे ठिणगीचे व्होल्ट तयार करणारी कॉइल अशक्त असली किंवा प्लगवर बसणारी कॅप गळकी असली तरी तो काही दिवस भागवून नेतो. थोडी काजळी धरली, थोडी ओल लागली की मूळ दोष पुन्हा वर येतो. तोच दोष शोधायचा क्रम इथे लिहितो आहे. सुरुवात फुकटच्या तपासण्यांनी, खर्चाच्या शेवटी.

लक्षणं

खालच्यापैकी एक-दोन तरी ओळखीची वाटतील:

- सकाळी किक मारून पाय भरून येतो. चालू झाली तरी चोक सोडला की बंद.
- रिकामी गाडी नीट पळते, पण मागं माणूस बसला, घाट लागला किंवा दुधाचे कॅन लटकवले की रेस देताच झटके देते. सायलेन्सरमधून फट फट आवाज येतो.
- पावसात, किंवा गाडी धुतल्यावरच बंद पडते. उन्हात वाळली की आपोआप चालू.
- थंड असताना उत्तम. अर्धा तास चालल्यावर एकदम बंद, सावलीत थांबवली की पुन्हा चालू.
- प्लग काढला की काळा किंवा ओला निघतो. पुसून घातला की चालू, आठवड्यानं परत तेच.
- ॲव्हरेज उतरलं आहे, ओढ कमी झाली आहे, पण बंद मात्र पडत नाही. दोन प्लगच्या गाड्यांत हे फार दिसतं.

पुढं जाण्याआधी करंटचा (म्हणजे ठिणगीचा) दोष आणि पेट्रोलचा दोष वेगळे करून घ्या, कारण दोन्हींना लोक "मिसिंग" हेच नाव देतात. करंट तुटतो तेव्हा झटका एकदम बसतो, कुणी बटण दाबून सोडल्यासारखा, आणि पुढच्या क्षणी गाडी परत उचलते. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी हळूहळू दम टाकते. कार्बोरेटरच्या गाडीवर एक सोपी परीक्षा आहे. मिसिंग चालू असताना चोक थोडा ओढून बघा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी येतंय, कार्बोरेटरकडे वळा. काहीच फरक पडला नाही तर संशय करंटवर. चोकनं आणखी बिघडली तर मिश्रण आधीच घट्ट आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर बघा.

पाना न उचलता

किल स्विच, साइड स्टँड, पेट्रोल कॉक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ढकलत आणलेल्या गाड्यांत यांचा वाटा मोठा असतो. साइड स्टँड उतरलेला असताना इंजिन बंद करणारा स्विच हल्ली बऱ्याच नव्या गाड्यांना येतो, आणि त्यात चिखल अडकला की स्टँड वर घेतला तरी गाडीला तो खालीच वाटतो. पाणी मारून, पायानं चार-सहा वेळा वर-खाली करून बघा.

किल स्विचबद्दल थोडं सविस्तर सांगतो. बॅटरीशिवाय चालणाऱ्या जुन्या सीडीआयच्या (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या) गाड्यांत किल स्विच करंटची वायर अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला, टेकवून इंजिन बंद करतो. म्हणजे त्या स्विचच्या डबीत पावसाचं पाणी शिरलं, तर करंटचा काही भाग सतत अर्थला जात राहतो. गाडी धड बंद पडत नाही, धड चालत नाही. डबीचे दोन स्क्रू काढून आत फुंकर मारली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, की बऱ्याच गाड्या तिथंच सुटतात.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी असेल तर कॉइलचं नाव घेण्याआधी, बंद पडली त्याच जागी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि मिनिटाभरात गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरत नव्हतं, करंटचा काही संबंध नाही. ही परीक्षा केली नाही म्हणून चांगली कॉइल फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

प्लग कॅप आणि तिच्याखालचं भोक

आपल्या भागातल्या पावसाळी तक्रारींचं सर्वात मोठं मूळ मला इथं सापडतं, म्हणून इथं घाई करू नका.

इंजिन थंड असताना कॅप सरळ ओढून काढा. वायर धरून नाही, कॅपचं रबर धरून. आत टॉर्च मारा. आतल्या पितळी क्लिपवर हिरवट थर आहे का, रबराच्या ओठाला चीर आहे का, कॅप प्लगवर घट्ट बसते का की हातानं हलवली तरी डुलते, हे बघा. सैल कॅपमध्ये ठिणगी आधी कॅपच्या आतच उडते आणि प्लगपर्यंत उरलीसुरली जाते.

आता प्लग ज्या खड्ड्यात बसतो तो खड्डा बघा. बऱ्याच गाड्यांच्या हेडला (सिलिंडरच्या वरच्या झाकणाला) त्या खड्ड्यातून पाणी बाहेर जायला एक बारीक भोक दिलेलं असतं. खानापूर तालुक्यातली तांबडी माती त्या भोकात बसली आणि वाळली की पाण्याला वाट राहत नाही. मग पावसात प्लगचं बूड डबक्यात उभं राहतं, आणि करंट चिनीमातीवरून पाण्यात, पाण्यातून हेडवर उतरतो. सायकलच्या स्पोकचा तुकडा किंवा बारीक तार घालून ते भोक मोकळं करा. पण आधी खड्ड्यात फुंकून माती उडवून घ्या. प्लग काढल्यावर तीच माती सिलिंडरमध्ये पडली तर बोअरवर ओरखडे पडतात.

स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांत इंजिन जवळजवळ आडवं असतं आणि हेड पुढच्या चाकाच्या समोर येतं. पुढच्या मडगार्डखाली जो रबरी पडदा लोंबतो, तो चाकाचं पाणी हेडवर येऊ नये म्हणून आहे. तो फाटला, तुटला की कुणी परत लावत नाही. मग चोर्ला घाटात भर पावसात चाकाचा सगळा फवारा प्लगवर. हा पडदा प्लगपेक्षा स्वस्त मिळतो. तो लावल्यावर पावसाळाभर परत न आलेल्या गाड्या भरपूर आहेत.

करंट गळतोय की नाही ते डोळ्यांनी बघता येतं. रात्री अंगणातला दिवा बंद करा, गाडी आयडलिंगवर ठेवा, आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरतो त्या फवाऱ्यानं कॅप आणि प्लगच्या वायरवर पाण्याचं धुकं मारा. गळती असेल तर कॅपच्या ओठापासून हेडच्या फिनपर्यंत निळ्या रेघा सरपटताना दिसतात, केसाएवढ्या बारीक, आणि प्रत्येक रेघेबरोबर टिक टिक आवाज येतो. त्याच वेळी इंजिन अडखळतं. रेघ जिथून निघते ती जागा दोषाची. हात मात्र लांब ठेवा. तिथं हजारो व्होल्ट असतात. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी ही परीक्षा आणि पुढची करंटची परीक्षा दोन्ही करू नयेत.

कॅप बहुतेक गाड्यांत वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवून काढा. वायरचं टोक काळं किंवा हिरवं झालं असेल तर ५-६ मिलिमीटर कापा आणि कॅप परत फिरवून बसवा. नवी तांब्याची टोकं लागली की करंट लगेच सुधारतो. वायर आधीच आखूड असेल तर कापू नका, ताणून बसवलेली वायर पुढं तुटते. मल्टिमीटर असेल तर कॅपचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक कॅपमध्ये साधारण ५ किलो-ओहमचा रेझिस्टर असतो. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा कॅप हलवली की आकडा उड्या मारत असेल तर कॅप बदला.

प्लग काढा, पण आधी वाचा

योग्य मापाचा प्लग पाना सरळ बसवून काढा. तिरका बसला तर चिनीमाती तडकते. प्लग काढल्याबरोबर लगेच ब्रशनं घासायला घेऊ नका. आधी उजेडात धरून बघा, कारण गाडीचं दुखणं त्यावर लिहिलेलं असतं.

आतल्या चिनीमातीचा रंग चहाचा किंवा फिकट राखाडी असेल तर इंजिन बरोबर जळतंय. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ओव्हर झालंय (पेट्रोल जास्त भरलंय) किंवा ठिणगीच पडत नाही. ओला, काळा आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफटक, त्यावर बारीक फोड किंवा टोक वितळल्यासारखं असेल तर इंजिन अति तापतंय. अशी गाडी पुढं चालवू नका, पिस्टनला भोक पडू शकतं.

बाहेरच्या पांढऱ्या चिनीमातीवर, नटाच्या जरा वर, तपकिरी वळं दिसतं. त्याला घाबरू नका. जास्त व्होल्टमुळे हवेतले तेलाचे कण तिथं चिकटतात, प्लग चांगलाच असतो. पण त्याच चिनीमातीवर वरून खाली जाणारी बारीक काळी रेघ असेल तर करंट बाहेरून उतरतोय. तो प्लग पुसून उपयोग नाही, फेका, आणि त्याच्यासोबत कॅपही बदला. कॅपच्या आत त्याच जागी तशीच रेघ असते, आणि ती नव्या प्लगला आठवड्यात तोच डाग लावते.

काजळी का धरते, तेही सांगतो. प्लगचं टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की काजळी आपोआप जळून जाते. ८०० च्या बरंच वर गेलं की उलटा त्रास, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. दूधवाल्यांच्या गाड्यांना नेमका पहिला त्रास होतो. पहाटेची थंडी, चोक ओढलेला, घरोघरी शंभर पावलं जाऊन बंद, परत चालू. प्लग तापतच नाही. अशा गाडीला दर दोन-तीन दिवसांनी सात-आठ किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये नीट पळवा आणि चोक मिनिटाभरात सोडायची सवय लावा. प्लगचा खर्च निम्म्यावर येतो.

साफ करायचं तर पितळी ब्रश आणि थोडं पेट्रोल, मग पूर्ण वाळवायचं. हॅक्सॉ ब्लेडनं चिनीमाती खरवडू नका, लोखंडाचा अंश तिच्यावर घासला जातो आणि करंटला नवी वाट मिळते. गॅसच्या शेगडीवर लाल करायची पद्धत गावोगावी आहे. त्यानं काजळी जळते खरी, पण चिनीमातीला न दिसणारा तडा जातो. फिलर गेजनं गॅप बघा. गाडीच्या पुस्तकात जो असेल तो ठेवा, आपल्या बहुतेक गाड्यांत ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. गॅप वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, म्हणून जुना झिजलेला प्लग चढालाच दगा देतो, सपाटीवर नाही.

करंटची परीक्षा

पेट्रोल कॉक बंद करा. प्लगच्या भोकावर कापडाचा बोळा ठेवा, कारण किक मारली की तिथून पेट्रोलची वाफ उडते आणि ठिणगी जवळच असते. प्लग कॅपमध्ये घाला, त्याचे आटे हेडच्या रंग नसलेल्या धातूला टेकवून अडकवा, भोकापासून लांब. हातात धरू नका. सावलीत किक मारा. जाड, निळसर पांढरी ठिणगी आणि कानाला ऐकू येणारी टक असं हवं. पातळ, पिवळी-तांबडी ठिणगी म्हणजे करंट अशक्त. प्लग अर्थला न टेकवता, नुसती कॅप लोंबकळत ठेवून कधीही किक मारू नका. करंटला जायला जागा मिळाली नाही की तो कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून किंवा सीडीआयमधून वाट काढतो, आणि शंभर-दीडशेच्या दुरुस्तीची हजारांची होते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. "करंट येतोय" एवढ्यावर थांबू नका. मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून बाहेर ठिणगी दिसते आणि चढाला गाडी मिसिंग करते, यात विसंगती काही नाही. गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो, तो ६-७ मिलिमीटरवर ठेवून ठिणगी उडी मारते का बघितलं की कॉइलचा खरा दम कळतो. दोन-तीन गाड्या असलेल्या घरात हा टेस्टर असायला हवा.

दोन प्लगच्या गाड्यांत, म्हणजे पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात किंवा बुलेटच्या ट्विनस्पार्कमध्ये, दोन्ही प्लग वेगवेगळे तपासा. एक मेला तरी दुसऱ्यावर गाडी चालते, म्हणून मालकाला महिनोन्‌महिने कळत नाही. नुसतं ॲव्हरेज गेलं म्हणून कार्बोरेटर खोलला जातो.

नवा प्लग घेताना

जुन्या प्लगवरचा नंबर घेऊन दुकानात जा, पण तो नंबर गाडीच्या पुस्तकाशी आधी जुळवा. मागच्या मेकॅनिकनं हाताला लागेल तो घातलेला असू शकतो. एनजीकेच्या नंबरात पहिलं अक्षर आट्याची जाडी सांगतं. बी म्हणजे १४ मिलिमीटर, डी म्हणजे १२, सी म्हणजे १०. मधला आकडा उष्णतेचा. सीपीआर८ईए-९ मधला ८ बघा. एनजीकेमध्ये हा आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशमध्ये वाढला की गरम. त्यामुळे एका कंपनीचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा प्लग घ्यायचा नाही. शेवटचा ९ म्हणजे ०.९ मिलिमीटर गॅप. मधल्या आरचा अर्थ प्लगच्या आत रेझिस्टर आहे. नव्या गाड्यांत आर नसलेला प्लग घातला तर त्याचा गोंगाट इलेक्ट्रॉनिक्सला त्रास देतो.

डुप्लिकेट प्लग बाजारात भरपूर आहेत. खऱ्या प्लगचं वॉशर फिरवून सहज निघत नाही, छपाई नखानं पुसली जात नाही, मधलं टोक बरोबर मध्यावर असतं. साध्या निकेल प्लगचं आयुष्य साधारण १०-१२ हजार किलोमीटर धरा. त्याच्या आत पुन्हा पुन्हा जात असेल तर प्लगला दोष देणं थांबवा.

बसवताना पाना नंतर, आधी बोटांनी फिरवा. आटे हलके गेले पाहिजेत. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे तिरके लागले तर पहिल्याच जोरात जातात. बोटांनी पूर्ण बसल्यावर नवा प्लग पान्यानं साधारण अर्धा वळसा. जुनाच परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेलं असतं, म्हणून फार तर वळशाचा आठवा भाग. इंजिन गरम असताना काढू-घालू नका.

प्लग चांगला, करंट चांगला, तरी परत काळा

मग दोष करंटचा नाही. एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरा. ऊसतोडीच्या हंगामात शेतवाटेनं फिरणाऱ्या आणि अथणी, गोकाकच्या काळ्या मातीच्या धुळीतल्या गाड्यांचा फिल्टर पुस्तकात लिहिल्यापेक्षा लवकर बुजतो. चोकची वायर अडकून चोक अर्धा ओढलेलाच राहतो का बघा.

पाणी शिरल्याचा संशय असेल तर कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर किंवा ढगाळपणा दिसला तर पाणी आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतात. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिलेली गाडी, झाकणाचं रबर कडक झालेली गाडी, यांत हे हमखास. मग टाकी रिकामी करून धुण्याशिवाय मार्ग नाही.

प्लग तेलकट असेल तर घाट उतरताना लक्ष ठेवा. रेस बंद ठेवून लांब उतार उतरलात आणि खाली येऊन रेस देताच निळा धूर निघाला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढाला, ओझ्याखाली सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंग किंवा बोअर. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचा प्लग थोडा तेलकट असणारच, तिथं ऑइलचं प्रमाण आणि पंपाची सेटिंग बघायची.

बॅटरी, अर्थ आणि वायरिंग

डीसी सीडीआय आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत करंटचं मूळ बॅटरीत असतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. चालू गाडीत थोडी रेस दिल्यावर १३.५ ते १४.५. किकनं चालू होते पण सेल्फनं होत नाही, अशी तक्रार असेल तर सेल्फ फिरताना व्होल्ट किती खाली जातात ते बघा. बॅटरीचे टर्मिनल, चॅसीला येणारी अर्थची वायर आणि कॉइल जिथं बोल्टनं बसते ती जागा गंजलेली असेल तर घासून साफ करा. फुकटचं काम आहे आणि दोष इथं वारंवार निघतो.

सीटखालचे आणि टाकीखालचे कनेक्टर उघडून हिरवट पिना साफ करा. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. एका बाजूला वळवलं की गाडी बंद पडते, तर हँडलच्या मानेजवळ वायर आतून तुटली आहे. निपाणी भागात तंबाखूच्या गोडाऊनजवळ किंवा गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं वायरिंग उंदीर कुरतडतात. वरून टेप साबूत दिसते, आत तांबं उघडं असतं.

इथून पुढं मेकॅनिककडे

कॉइलचं मोजमाप मल्टिमीटरनं घरी करता येतं. प्रायमरीचा रेझिस्टन्स अगदी थोडा, सेकंडरीचा काही हजार ओहम, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. पण थंड कॉइल मोजून बरोबर आली तरी ती चांगली आहे असं ठरत नाही. तापल्यावर आतली तार ताणून तुटते आणि थंड झाली की परत जुळते. म्हणून गरम होऊन बंद पडणाऱ्या गाडीत, बंद पडल्या क्षणीच, रस्त्याच्या कडेला ठिणगी बघायची असते. डिकीत एक जादा प्लग आणि पाना ठेवा. त्या क्षणी ठिणगी नसेल आणि अर्ध्या तासानं आली, तर कॉइल किंवा पिकअप कॉइल (ठिणगी कधी पाडायची याचा इशारा देणारी).

त्यातली कोणती, की मॅग्नेटची कॉइल, की सीडीआय, हे घरी ठरवू नका. हे पार्ट दुकानदार एकदा लावल्यावर परत घेत नाही, आणि अंदाजानं एकामागून एक घेत गेलात तर खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. त्याच मॉडेलचा चालू सीडीआय घालून बघण्याची सोय चांगल्या इलेक्ट्रिशियनकडे असते. तसं करूनच पार्ट ठरवा.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर त्याच क्षणी हात थांबवा. प्लग काढताना जाम लागला किंवा करकर आवाज आला. चिनीमातीचा तुकडा तुटून हेडमध्ये पडल्याचा संशय आहे, तर एकही किक मारू नका. हेडचे आटे गेले, तर जाड प्लग ठोकून बसवू नका, लेथवाल्याकडे हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) घालून घ्या, बेळगावात उद्यमबागेत हे काम नीट होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर वायरी टोचून बघू नका, स्कॅनर असलेल्याकडेच न्या. पेट्रोल गळतंय किंवा वास येतोय, तर करंटची कोणतीही परीक्षा नाही. आणि ठिणगी, पेट्रोल, हवा सगळं बरोबर असून गाडी चालू होत नसेल, तर कॉम्प्रेशन किंवा व्हॉल्व्हचं क्लिअरन्स गेलंय, ते काम इंजिन मिस्त्रीचं.

मेकॅनिककडे जाताना काढलेला प्लग न पुसता कागदात गुंडाळून सोबत न्या. गाडी थंड असताना बंद पडते की गरम, पावसात की उन्हात, चढाला की आयडलिंगला, आणि चोक ओढल्यावर काय झालं, हे सांगा. बदललेले जुने पार्ट मागून घ्या आणि कॅपसुद्धा बदलली का ते विचारा.